प्रतीला आधी पत्ता हवा

सांगली

अनेक उत्तम आशीर्वाद.

जिनिव्हा येथील मानवी हक्क संस्थेत प्रकाशनांच्या वितरणाचे आणि साठ्याचे काम तुझ्याकडे आले, हे वाचून मनापासून आनंद झाला. त्याच पत्रात तू एक वाक्य जरा नाराजीने लिहिले आहेस: अहवाल लिहिणारी मंडळी वरच्या मजल्यावर बसतात आणि तुला मात्र तळघरात, खोक्यांच्या सोबतीला बसवले आहे. अशाच एका संस्थेच्या तळघरात मी २२ वर्षे काढली, तेव्हा ती नाराजी मला समजते. पण तू मला काका म्हणतेस म्हणून केवळ समजूत घालण्यापेक्षा, त्या खोक्यांविषयी जे थोडेफार कळले ते लिहून पाठवणे जास्त उपयोगाचे होईल.

माझे वडील सांगलीत हळदीच्या एका अडतीवर दिवाणजी होते. त्या काळी हरिपूर आणि सांगलवाडीच्या बाजूला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. तोंड अरुंद, पोट रुंद, आणि आत उतरलेला माल वर्षानुवर्षे टिकून राही. शाळेला सुटी असली की मी वडिलांबरोबर जात असे. मला पेवाचे आकर्षण आणि त्यांना वहीचे. माल कोणाचा, कोणत्या पेवात उतरणार, वजन किती आणि तो कोणाच्या चिठ्ठीवर बाहेर निघायचा, हे लिहून झाल्याखेरीज ते हमालांना पुढे सरकू देत नसत. पुढे नोकरीत साठ्याच्या व्यवस्थापनाची बरीच प्रशिक्षणे झाली, संगणकावरच्या प्रणाल्या आल्या आणि बदलल्या. पण माल आत येण्याआधी तो कोणाकडे जाणार हे ठरलेले असावे, यापलीकडे मूलभूत असे मला कोणी काही शिकवले नाही. आपल्या कामातले बहुतेक घोळ हा क्रम उलटा झाल्याने होतात. आधी छापतात आणि मग वाचक शोधत बसतात.

म्हणून पहिली गोष्ट. छपाईची संख्या ठरवण्याच्या बैठकीला तुला बोलावणार नाहीत. तू न बोलावता जा. तेथे कोणीतरी सांगेल की २ हजारांऐवजी ५ हजार प्रती छापल्या तर प्रतीमागचा खर्च बराच उतरतो. ते खरेच आहे, कारण पानांची जुळणी, प्लेटा आणि यंत्र लावण्याचा खर्च एकदाच येतो. परंतु उरलेल्या ३ हजार प्रतींच्या जागेचे भाडे, त्यांची उचलठेव आणि अखेरीस त्यांची रद्दी करण्याचा खर्च त्या हिशेबात कधीच धरलेला नसतो, कारण तो दुसऱ्या खात्यावर पडतो, म्हणजे तुझ्या. अशा वेळी संख्येवर वाद घालू नकोस, यादी माग: किती प्रती कोणत्या प्रशिक्षणासाठी, किती कोणत्या ग्रंथालयांना, किती कोणत्या देशातल्या कार्यालयाला, आणि कोणत्या भाषेत. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा ६ आहेत, पण त्यांची मागणी समान असत नाही. माझ्या काळात इंग्रजी प्रती मांडणीवर धूळ खात असत आणि फ्रेंच प्रतींसाठी आफ्रिकेतून तगादे येत, तरी दर वर्षी इंग्रजीचीच संख्या वाढवली जाई, कारण संख्या ठरवणारे इंग्रजी वाचत होते.

दुसरा हिशेब वजनाचा. हा बहुधा कोणी करत नाही आणि तो तर पाटीवर करता येतो. ए-चार आकाराचे १६ कागद म्हणजे एक चौरस मीटर. त्यामुळे ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा, एक ए-चार कागद बरोबर ५ ग्रॅम भरतो. ए-पाच आकाराच्या ६४ पानी पुस्तिकेला असे १६ कागद लागतात, म्हणजे ८० ग्रॅम. २५० जीएसएमच्या मुखपृष्ठाचे साधारण १६ ग्रॅम धरले की एक प्रत ९६ ग्रॅमची झाली. हजार प्रतींचे ९६ किलो. तोच मजकूर ६० जीएसएमवर छापला तर हजारामागे २० किलो वाचतात, आणि हे २० किलो तू दर खेपेला विमानाने पाठवणार आहेस. एकाच पत्त्यावर केवळ छापील साहित्य पाठवण्यासाठी टपालात 'एम बॅग' नावाची थैली असते, तिची कमाल मर्यादा ३० किलो. आवेष्टन धरता तीत या पुस्तिकेच्या सुमारे ३०० प्रती बसतात. तेव्हा ३५० प्रतींची मागणी आली तर एकदा दूरध्वनी करून ३०० चालतील का, असे विचारण्यात कमीपणा मानू नकोस. सीमाशुल्काच्या कागदावर मात्र पुस्तके विनामूल्य आहेत म्हणून किमतीच्या रकान्यात शून्य लिहू नकोस. पुस्तके आणि संयुक्त राष्ट्रांची प्रकाशने शुल्कमुक्त असावीत असे १९५० चा फ्लॉरेन्स करार सांगतो, पण बंदरावरचा कारकून करार वाचत नाही, रकाना वाचतो. शून्य दिसले की त्याला संशय येतो. नाममात्र किंमत आणि 'विक्रीसाठी नाही' हा शेरा, दोन्ही लिहावेत.

वर्षाचे वेळापत्रक एका तारखेभोवती फिरते. मानवी हक्कांचा सार्वत्रिक जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ४८ विरुद्ध शून्य मतांनी स्वीकारला, ८ देश तटस्थ राहिले. तेव्हापासूनची ही तारीख म्हणजे जगभरच्या शाळा, वकील संघ आणि संघटना यांना एकाच वेळी पुस्तिका हव्या असण्याचा दिवस. मागण्या नोव्हेंबरच्या मध्यावर येतात आणि समुद्रमार्गे माल पोहोचायला कित्येक आठवडे लागतात. गेल्या वर्षीच्या पोचपावत्या ऑगस्टमध्ये काढून बसावे आणि न मागताच विचारणा पाठवावी, हे उत्तम.

आता आवृत्त्यांविषयी, कारण येथे चूक झाली तर ती केवळ पैशांची राहत नाही. तुमच्याकडे संयुक्त राष्ट्रांच्या पुस्तिकाही वाटपासाठी असतात, असे तू लिहिलेस. त्यांत इस्तंबूल प्रोटोकॉल नावाने ओळखली जाणारी पुस्तिका असेलच. छळाच्या तक्रारीची वैद्यकीय आणि कायदेशीर तपासणी कशी करावी आणि तिची नोंद कशी ठेवावी, हे ती सांगते. हा मजकूर १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तांकडे सादर झाला, २००४ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली आणि २०२२ मध्ये आणखी एक. दोन्ही सुधारित आवृत्त्यांच्या क्रमांकाची सुरुवात 'एचआर/पी/पीटी/८' अशीच आहे. फरक शेवटी, एकीवर 'रेव्ह.१' आणि दुसरीवर 'रेव्ह.२'. खोक्यावर नुसते नाव लिहिले असेल तर घाईच्या दिवशी हात नेमका जुन्या खोक्याकडे जातो, आणि कोठल्या तरी जिल्हा रुग्णालयातला डॉक्टर २००४ च्या सूचना पाहून न्यायालयात जाणारे प्रमाणपत्र लिहितो. म्हणून खोक्यावर, मांडणीवर आणि बिनकार्डावर, म्हणजे त्या मालाची आवक-जावक लिहिण्याच्या कार्डावर, पूर्ण क्रमांक लिही. नवी आवृत्ती दाखल झाली त्याच दिवशी जुनीच्या ५ प्रती अभिलेखासाठी बाजूला काढ आणि बाकीच्यांचे निर्लेखन, म्हणजे साठ्यातून नाव कमी करणे, सहीनिशी करून घे. संपल्यावर नवी काढू, हा किराणा दुकानाचा नियम येथे चालत नाही. ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या कागदपत्रांवरही असाच सांकेतिक क्रमांक असतो. 'एएसए २०' दिसले की कागद भारताविषयी आहे हे कपाट न उघडता कळते. अशी शिस्त कंटाळवाणी वाटते खरी, पण ज्याने ती लावली त्याला मी मनातल्या मनात अनेकदा नमस्कार केला आहे.

शुद्धिपत्राचेही तसेच. भाषांतरात एखादा शब्द चुकला की एका शब्दाने काय होते, असे तुला सांगतील. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल असे इंग्रजी शब्द होते, ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे 'सर्व माणसे' या अर्थाचे झाले, एवढे त्यांना ऐकव आणि छापलेली चिठ्ठी प्रत्येक प्रतीत चिकटवून घे. सुटी ठेवलेली चिठ्ठी हमखास गळून पडते.

यानंतर जे लिहितो ते दोनदा वाच. तुझ्या ताब्यातला सर्वांत मोलाचा साठा खोक्यांत नाही, पत्त्यांच्या यादीत आहे. जाहीरनाम्याचे १९ वे कलम सरहद्दींची पर्वा न करता माहिती मिळवण्याचे आणि पोहोचवण्याचे स्वातंत्र्य देते; वितरण विभागाला जगण्याचा अधिकार मिळतो तो येथून. पण त्याच जाहीरनाम्याचे १२ वे कलम माणसाच्या खासगी जीवनात, घरात आणि पत्रव्यवहारात मनमानी ढवळाढवळ होऊ नये असे सांगते, आणि आपली यादी बेफिकीर हाती पडली तर ती ढवळाढवळ करण्याचे साधन होते. माझ्या हातून ही चूक झाली आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका देशातल्या वकिलाला मी २० प्रती पाठवल्या. लिफाफे नवे होते, वर संस्थेचे नाव आणि बोधचिन्ह ठसठशीत छापलेले, आणि मला त्या छपाईचा अभिमान होता. दीड महिन्याने दोन ओळींचे पत्र आले: पुस्तके मिळाली, मात्र टपाल कचेरीत पार्सल उघडून माझे नाव लिहून घेतले गेले, पुढच्या वेळी बाहेर काही छापू नये. रागाचा एक शब्द नव्हता. त्या गृहस्थांचे पुढे काय झाले हे मला कधीच कळले नाही, कारण त्यानंतर त्यांच्याकडून मागणी आली नाही आणि मी विचारण्याचे धाडस केले नाही.

तेव्हापासून मी यादीत एक रकाना वाढवला: 'कसे पाठवावे'. कोणाला साधे खाकी वेष्टन, कोणाला कार्यालयाच्या पत्त्यावर, कोणाला प्रवासी सहकाऱ्याबरोबर, कोणाला काहीच नाही. हे आपण ठरवायचे नसते, ज्याला पाठवायचे त्याला विचारायचे असते, आणि वर्षातून एकदा पुन्हा विचारायचे असते, कारण सरकारे बदलतात आणि माणसे घरे बदलतात. यादी कोणत्याही छापखान्याला किंवा कुरिअर कंपनीला पूर्ण देऊ नकोस. त्या खेपेपुरती पत्त्यांच्या चिठ्ठ्यांची छपाई स्वतः कर. परत आलेल्या पार्सलाचा पत्ता त्याच दिवशी खोडून टाक. ग्रंथालयांचे मात्र असे नाही: संयुक्त राष्ट्रांची निक्षेप ग्रंथालयांची, म्हणजे त्यांची प्रकाशने ठेवणाऱ्या ग्रंथालयांची, व्यवस्था १९४६ पासून चालू आहे, तेथे कोणीही जाऊन विनामूल्य वाचू शकतो, आणि ज्याला घरी पार्सल नको आहे त्याला जवळच्या अशा ग्रंथालयाचे नाव कळवणे हेही वितरणच आहे.

साठवणुकीविषयी मी सांगलीचा माणूस असल्यामुळे जरा अधिक बोलणार. निवृत्तीनंतर शिक्षकांच्या शिबिरांसाठी जाहीरनाम्याच्या मराठी पुस्तिका मी येथे तळमजल्यावरच्या एका खोलीत ठेवत असे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी ओसरल्यावर खोली उघडली तेव्हा खालच्या दोन फळ्यांवरचे गठ्ठे फुगून इतके घट्ट बसले होते की ते पहारीने काढावे लागले. मधल्या फळीवरचे गठ्ठे वरून कोरडे दिसत होते, पण सुतळी सोडल्यावर आतून काळी बुरशी निघाली. वही मात्र वरच्या मजल्यावर होती, म्हणून कोणत्या शाळेला किती प्रती देणे आहे हे त्याच संध्याकाळी सांगता आले आणि मिरजेच्या छापखान्याला तेवढ्याच प्रतींची मागणी देता आली. जिनिव्हात कृष्णा नाही, पण तळघरांतून पाण्याचे नळ सर्वत्र जातात. खालची फळी जमिनीपासून वीतभर उंच ठेव, खोकी भिंतीला टेकवू नकोस, आणि नोंदींची प्रत साठ्याच्या इमारतीत ठेवू नकोस.

मोजणीबद्दल फार लिहीत नाही. पुनर्मुद्रण कधी मागायचे याचे सूत्र साधे आहे: एका पुस्तिकेच्या महिन्याला १५० प्रती जात असतील आणि छपाईपासून माल हाती येईपर्यंत ४ महिने लागत असतील तर ६०० प्रती त्या काळात जाणार, दोन महिन्यांची राखीव शिल्लक म्हणून आणखी ३०० धर, आणि शिल्लक ९०० वर आली की मागणी पाठव. ज्या पुस्तिकेची दीड वर्षात एकही प्रत हलली नाही तिची चौकशी लेखकाकडे कर, आणि त्यांना वाईट वाटेल म्हणून थांबू नकोस. आपल्याकडच्या कचेऱ्यांत खुर्च्या आणि पंखे जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे 'डेड स्टॉक'च्या वहीत, चढवतात. पुस्तकांचे नाव त्या वहीला शोभेल अशी वेळ येऊ देऊ नये.

आता सगळे संगणकावर मिळते, मग छापायचे कशाला, हा प्रश्न तुला दर अर्थसंकल्पाच्या वेळी विचारला जाईल. अहवालांपुरते ते बरोबर आहे आणि ते मान्य कर. वार्ताहर आणि संशोधक छापील अहवालाची वाट पाहत नाहीत. कागद राखायचा तो तुरुंगातल्या ग्रंथालयासाठी, वीज नसलेल्या प्रशिक्षणाच्या खोलीसाठी आणि ज्याच्या दूरध्वनीवर नजर आहे त्याच्यासाठी. शक्य तेथे प्रतीऐवजी छपाईची फाईल पाठव आणि त्या त्या देशातच छापून घे.

जाता जाता एक विनंती. येत्या आठवड्यातच, नेहमीच्या आवेष्टनात, जुन्या आवृत्तीच्या रद्द झालेल्या ५ प्रती माझ्या पत्त्यावर पाठव. किती दिवसांनी आल्या, कोपरे कसे आले, सुतळी कोठे सैल झाली, आणि दारात पार्सल देताना पोस्टमनला बाहेरून आत काय आहे हे किती कळले, ते मी तुला लिहून कळवतो.

तुझा,
काका