पामतेल: खावं का, आणि लावावं का?

फरसाणाच्या पाकिटावर ‘पामोलिन’ दिसतं. त्यासाठी जंगलं तोडतात म्हणे. बंदच करावं का? (चिपळूण)

तोडतात, हे खरं. जगातलं सुमारे ८५ टक्के पामतेल इंडोनेशिया-मलेशियातलं. सुमात्रा-बोर्निओत दलदलीच्या जमिनी चर खणून सुकवतात. अशी जमीन पेटली की जमिनीखालून आठवडेच्या आठवडे धुमसते. २०१५ साली तो धूर सिंगापूरभर पसरला होता. तरीही बहिष्कार घाला असं मी म्हणणार नाही. पाम हेक्टरी तीन टनांच्या पुढे तेल देतो, सोयाबीन जेमतेम अर्धा टन. सगळेच सोयाबीनकडे वळले तर नांगराखाली जमीन जास्तच जाईल. शिवाय २०२२च्या दिवाळीत रेशनवर १०० रुपयांत जो ‘आनंदाचा शिधा’ मिळाला, त्यात लिटरभर पामतेलच होतं. ते घेणाऱ्याला कुठल्या तोंडाने नको म्हणायचं? फरसाण मात्र कमी करा.

तिथल्या मजुरांचे हाल होतात का? (गुहागर)

अनेक मळ्यांवर होतात. मलेशियात परदेशी मजुरांचे पासपोर्ट काढून घेतल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. २०२० मध्ये अमेरिकेने वेठबिगारीच्या कारणावरून तिथल्या दोन बड्या कंपन्यांचा माल अडवला होता.

काजूला भाव नाही. नर्सरीवाला पाम लावा म्हणतो, सरकारी अनुदानही आहे. दीड एकर उतार आहे, विहीर मार्चमध्ये तळ गाठते. (सावंतवाडी)

लावू नका. केंद्राने २०२१ मध्ये पामसाठी ११,०४० कोटींची योजना आणली, पण अनुदानाने विहिरीला पाणी येत नाही. उन्हाळ्यात एका झाडाला रोज दोनशे लिटरच्या आसपास पाणी लागतं. हेक्टरी १४३ झाडं धरली तर तुमच्याकडे पंच्याऐंशी बसतील, म्हणजे रोजचे सतरा हजार लिटर! तिलारीच्या कालव्याखालच्या सपाट जमिनीचा विचार वेगळा करता येईल.

पाण्याइतकीच दुसरी अडचण विक्रीची. काजूची बी उन्हात वाळवून पोत्यात भरली की भाव येईपर्यंत थांबता येतं. पामचा घड उतरवला की चोवीस तासांत कारखान्यात जायला हवा, नाहीतर तेलातली आम्लता वाढते आणि मालाचा दर्जा उतरतो. घासाघीस करायला उसंतच नाही. त्यात पहिली चार वर्षं हाती फारसं काही लागत नाही, आणि झाड उभं राहतं पंचवीस वर्षं.

नर्सरीवाल्याला विचारा: कारखाना किती तासांवर आहे, आणि त्याने घड परत पाठवला तर दुसरं गिऱ्हाईक कोण?