लहान गटात गणित शिकवताना गुण, बिल्ले, पातळ्या वापराव्यात का?

तुम्ही विचारलंय की चौथीच्या पाच मुलांच्या गटाला अपूर्णांक शिकवताना गुण, बिल्ले, पातळ्या आणि भिंतीवर गुणफलक ठेवला तर मुलं रमतील का, आणि त्याची रचना कशी करावी.

गुणफलक लावू नका. बाकीचं नंतर.

मी लावला होता. तिसरीची चार मुलं, चौघांचीही हातच्याची वजाबाकी कच्ची. रोज अर्धा तास त्यांना वेगळं घेऊन बसायचे. भिंतीवर चौघांची नावं, बरोबर उत्तराला एक तारा, टायमर तीन मिनिटांचा. पहिले काही दिवस मुलं माझ्याआधी येऊन बसायची. मला वाटलं, जमलं. त्यांच्यात एक मुलगी होती, सावकाश पण समजून करणारी. ५२ मधून २७ काढायचे तर काड्यांचा गठ्ठा सोडायची, मोजायची, मग लिहायची. दुसऱ्या आठवड्यात तिच्या वहीत ३५ दिसायला लागले. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन, झालं. काड्या का नाही घेतल्यास, असं विचारलं तर म्हणाली, "बाई, काड्या मांडल्या की तारा जातो."

तोवर बाकीचे तिघं तिला कच्चं लिंबू म्हणायला लागले होते. खेळातल्या कच्च्या लिंबावर निदान कुणी राज्य तरी देत नाही. हिची सगळ्यांत छोटी रांग मीच रोज भिंतीवर टांगत होते.

तक्ता त्याच दिवशी काढला आणि दोन फासे आणले. प्रत्येकाकडे दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे, सुटी काडी एकही नाही. फाशांची बेरीज येईल तेवढ्या काड्या परत करायच्या. सुटी काडीच नसल्यामुळे, नेमके दहा आले नाहीत तर, पहिल्याच डावाला गठ्ठा सोडावा लागतो, तो का सोडायचा हे मला एकदाही सांगावं लागलं नाही. दोन फाशांची बेरीज सरासरी सात येते, म्हणून सात-आठ डावांत पन्नास संपतात आणि अर्ध्या तासात खेळ उरकतो. एक नियम मात्र कडक ठेवला: काड्या उचलण्याआधी किती उरतील ते मोठ्याने सांगायचं, आणि शेजाऱ्याने चूक पकडली तर त्या शेजाऱ्याच्या स्वतःच्या काड्यांतली एक कमी होते, म्हणजे त्याचा फायदा. तिसऱ्या दिवशी एका मुलाकडे ४३ होत्या, फाशांवर आले ८. तो म्हणाला, ४५. ती मुलगी जवळजवळ ओरडली, "कमी करायच्यात, वाढल्या कशा?" काही दिवसांपूर्वी तीच चूक ती स्वतः वहीत करत होती.

माझे एक सहकारी शिक्षक होते. तक्ता काढल्याचं कळल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुम्ही मुलांचे लाड करता. स्पर्धेशिवाय मूल हलत नाही." तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आता देते. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी आवडीने चित्रं काढणारी छोटी मुलं घेतली. त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढू लागली. आणि २००८ साली रमणी आणि सीगलर या संशोधकांनी शाळापूर्व वयाच्या मुलांना सरळ पट्टीवरचा सोंगटीचा खेळ दिला, साधारण पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका. काहींच्या पट्टीवर १ ते १० आकडे, काहींच्या पट्टीवर नुसते रंग. खेळ तोच, पण संख्यांची समज आकडेवाल्यांचीच सुधारली. म्हणून माझं म्हणणं आहे की गणित खेळीतच हवं. गणित करून झाल्यावर मिळणाऱ्या ताऱ्यात ते नसतं.

अपूर्णांकांना हेच लावा. एक पूर्ण पट्टी, तिचे अर्धे, पाव, अष्टमांश तुकडे, आणि फाशावर हेच अपूर्णांक. पूर्ण पट्टी नेमकी झाकायची. शेवटी एक अष्टमांश जागा उरली आणि फाशावर पाव आला की खरा वाद सुरू होतो. तो होऊ द्या. पाच मुलं असतील तर दोन आणि तीन असे वेगळे डाव मांडा, नाहीतर वाट बघण्यातच वेळ जातो.

गुण सरसकट वाईट नाहीत, हेही सांगायला हवं. पाढे समजून झालेत, फक्त वेग हवाय, अशा वेळी मुलाने कालच्या स्वतःच्या आकड्याशी आजचा ताडून बघायला हरकत नाही. पण ते त्याच्या वहीत. भिंतीवर नाही. पालक आले की भिंतीवरचा तक्ता दाखवायला बरा पडतो, एवढंच शेवटी त्या सरांचं म्हणणं उरलं होतं. ते मी तेव्हाही मान्य केलं नाही आणि आजही करत नाही.