व्हिनेगर जास्त पडलं? आधी हवा, पाण्याचा रंग नंतर

कराडच्या दादा, तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. तीनशे लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्यातले मासे आणि कोरल म्हणजे प्रवाळ), नायट्रेट-फॉस्फेट कमी करणाऱ्या बॅक्टेरियांना खाऊ म्हणून थोडंथोडं व्हिनेगर देणाऱ्या डोसिंग पंपाच्या नळीतून रात्रीत अर्धा लिटर सायफन होऊन सम्पमध्ये, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीत, उतरलं, पाणी दुधासारखं पांढरं झालं, टँग मासा वर येऊन तोंडाची उघडमीट करतोय आणि दुकानदार म्हणतोय, ॲक्टिव्हेटेड कार्बन टाका, लाइट बंद करा, पाणी आपोआप निवळेल. अगदी हाच सल्ला मलाही मिळाला होता. तो ऐकू नका. मी काही सागरी जीवशास्त्र शिकलेलो नाही, सांगलीत विश्रामबागेत घरी एक टँक सांभाळतो, तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा. पण एवढ्या एका गोष्टीबद्दल मला शंका नाही.

मासे व्हिनेगरने मरत नाहीत, पांढऱ्या पाण्यानेही मरत नाहीत. व्हिनेगर खाऊन बॅक्टेरिया भराभर वाढतात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, त्याने मरतात. पाणी चार दिवस पांढरं राहिलं तरी चालेल. ऑक्सिजन एक रात्र कमी पडला तर चालत नाही.

हिशोबच मांडून दाखवतो. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर साधारण ४ टक्के असतं. म्हणजे अर्ध्या लिटरमध्ये वीसेक ग्रॅम ॲसिटिक ॲसिड. ते पूर्ण जाळायला जवळपास २१ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. आणि २५ अंशाच्या खाऱ्या पाण्यात लिटरमागे ऑक्सिजन असतो जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या सगळ्या टँकमध्ये मिळून दोन ग्रॅम. बॅक्टेरिया सगळंच जाळत नाहीत, बराच कार्बन स्वतःच्या वाढीला वापरतात, हे खरं. तरीही निम्मं धरलं तर मागणी टँकमधल्या साठ्याच्या पाचपट होते. बाहेरून हवा सतत आत गेली नाही तर तो साठा किती वेळ पुरणार? त्यात आपल्याकडचा उन्हाळा. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, म्हणून खोलीतला पंखा सम्पच्या पाण्यावर वळवा. पाणी थोडं थंड होईल आणि पृष्ठभागही हलेल.

तेव्हा आत्ता लगेच: घरात असेल नसेल तो एअर पंप काढून एअर स्टोन मुख्य टँकमध्ये सोडा, फक्त सम्पमध्ये नको. वेव्हमेकरचं, म्हणजे टँकमध्ये लाटा करणाऱ्या पंपाचं, तोंड वर करा, पाण्याचा पृष्ठभाग फुटला पाहिजे, नुसता डुलून उपयोग नाही. टँकवरचं झाकण काढा, खोलीच्या खिडक्या उघडा. खाणं बंद. सायफन झालेली नळी पाण्याबाहेर आहे ना, ते स्वतः हात लावून बघा. आणि लाइट चालू ठेवा. दिवसा कोरल आणि शेवाळ जो ऑक्सिजन तयार करतात तो आज तुम्हाला हवा आहे. संध्याकाळी नेहमीपेक्षा दोन तास उशिरा बंद केले तरी चालेल.

ॲक्टिव्हेटेड कार्बनबद्दल स्पष्टच सांगतो. पाण्याचा पिवळेपणा, वास, मोठे सेंद्रिय रेणू तो ओढतो. व्हिनेगरचा रेणू फार लहान, त्याला तो नीट धरत नाही. टाकल्याने नुकसान नाही, पण टाकून निश्चिंत झालात तर आहे. व्हिनेगर देण्यालाही ‘कार्बन डोसिंग’ म्हणतात, पण दोन्हीकडे ‘कार्बन’ आहे म्हणून एकाचा उतारा दुसरा असं काही नसतं, आणि दुकानात बसणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं.

माझ्याकडे झालं ते असं. मे महिना, संध्याकाळी वळवाचा पाऊस, लाइट सारखी जात-येत होती. माझा डोसिंग पंप दर वेळी लाइट आली की वेळ विसरायचा आणि त्या दिवसाचा डोस पुन्हा द्यायचा. अंधार पडेपर्यंत समोरच्या काचेतून मागची काच दिसेना. ज्या कंपनीचा पंप त्यांच्याच हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या माणसाने टँक किती लिटरचा, मासे किती, काही विचारलं नाही. ‘सर, टँक ब्लॅकआउट करा, कापडाने झाकून घ्या, कार्बनची पिशवी टाका, सकाळी क्लिअर होईल.’ मी विचारलं, हवेचं काय? ‘स्किमर आहे ना? मग पुरे.’ (स्किमर म्हणजे हवेचे बुडबुडे सोडून फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र.)

सकाळी कापड काढलं. सगळे मासे ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी सम्पमध्ये उतरतं तिथल्या, जाळीपाशी गोळा झालेले, जिथे पाणी पडून थोडीफार हवा मिसळते तेवढ्याच जागेत. टँग जाळीच्या दातांना तोंड लावून आडवा पडलेला, कल्ले पूर्ण उघडे. क्लीनर श्रिंप ही कोळंबी तळाशी. क्लाउन मासे तेवढे वाचले. वर जाड कापड म्हणजे हवा आणखी अडलेली, लाइट नाही म्हणजे ऑक्सिजन तयार होणं बंद. व्हिनेगरने केलं नसतं तेवढं नुकसान त्या एका फोनने केलं.

पुढचं ऐका. पंप परत पाठवला तर आधी मूळ खोकं मागितलं, मग बिल, मग खोकं उघडतानाचा व्हिडिओ. शेवटी उत्तर आलं की पंप ठणठणीत आहे, दोष तुमच्या वीजपुरवठ्याचा. अहो, पण पंप विकताय कुठे? इथे वळवात लाइट जाणार हे शाळेतल्या पोराला माहीत आहे. लाइट परत आल्यावर हा पंप काय करतो, एवढी एक ओळ खोक्यावर छापायला काय लागतं? आजही मी कुठलाही पंप घेतला की आधी त्याची नळी मोजपात्रात सोडतो, प्लग काढतो-लावतो, पुन्हा काढतो-लावतो, आणि किती पाणी पडलं ते बघतो. तुम्हीही करा. बॅटरीवर घड्याळ चालू राहणारा पंप मिळाला तर दोन पैसे जास्त द्या.

आता स्किमर. पुढचे काही तास तो वेड्यासारखा फेस काढेल, कप भरून वाहील. काढू दे, त्या फेसाबरोबर बॅक्टेरिया बाहेर जातात आणि स्किमर हवाही देतो. कपाची नळी बादलीत सोडा, सम्पमध्ये नको. इथे एक गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात: बादलीत गेलेलं पाणी खारं असतं, आणि पातळी आपोआप राखणारा ऑटो टॉप-अप त्याच्या जागी गोडं पाणी भरतो. रात्रभरात सॅलिनिटी (खारटपणा) खाली येते आणि दमलेल्या माशांवर दुसरा घाव बसतो. टॉप-अप बंद करा, पातळी सागरी मिठाच्या पाण्याने भरा आणि खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ (हजारात ३५ भाग मीठ) आहे का ते बघत राहा. फिल्टर सॉक म्हणजे गाळणीची पिशवीही रोज धुवा, त्यात पांढरा चिकटा साठून कुजतो.

पाणी बदलायचं असेल तर आत्ता, उशिरा नाही. पहिल्या काही तासांत केलं तर न खाल्लेलं व्हिनेगर बाहेर जातं. नंतर फक्त बॅक्टेरिया थोडे कमी होतात. पंचवीस-तीस टक्के बदला, तेच तापमान, तीच सॅलिनिटी. मीठ विरघळून नीट ढवळलेलं, हवा सोडलेलं पाणी हवं. घाईत अर्धवट विरघळलेलं ओतू नका. यूव्ही दिवा असेल तर लावा, पाणी लवकर निवळतं, पण तो हवेला पर्याय नाही.

पीएच ७.७-७.८ दिसला तर घाबरून खायचा सोडा किंवा बफर (पीएच वाढवणारी पावडर) टाकू नका. तो कार्बन डायऑक्साइडमुळे उतरलेला असतो, हवा वाढली की वर येतो. अल्कलिनिटी (पाण्याची पीएच सांभाळायची ताकद) मोजा, ती बरोबर असेल तर हात लावू नका. हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून ऑक्सिजन वाढवायचा सल्ला कोणी ना कोणी देईलच. माझं मत: ज्याने आधी कधी वापरलेलं नाही त्याने अशा रात्री प्रयोग करू नये. कुणाला जमलं असेल तर त्यांनी जरूर सांगावं.

कोरल बंद राहतील, झोआ हे मऊ कोरल आठवडाभरही उघडणार नाहीत कदाचित. उपटून धुवत बसू नका. माझ्याकडे झोआ, मशरूम, लेदर असे मऊ कोरल एवढंच आहे. दगडी कोरलना आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि त्यांचा मला अनुभवही नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलत नाही. पाणी निवळलं की नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही मोजा. इतक्या बॅक्टेरियांनी ते ओढून शून्यावर आणलेले असू शकतात, आणि शून्य ही चांगली बातमी नाही. कोरल फिके पडतात, वर डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्म जिवांचा तपकिरी चिकटा येतो. तसं दिसलं तर माशांचं खाणं हळूहळू वाढवा. आकडे वर येईपर्यंत व्हिनेगर पुन्हा सुरू करू नका.

आणि सुरू कराल तेव्हा बाटली लहान घ्या. त्यात आठवड्याचंच व्हिनेगर भरायचं, म्हणजे सगळं सांडलं तरी नुकसान कमी होईल. बाटली नळीच्या तोंडापेक्षा खाली ठेवा, सायफनच होणार नाही. केमिकलच्या दुकानातलं ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड स्वस्त पडतं म्हणून कुणी सुचवेल; ते किराणातल्या व्हिनेगरच्या पंचवीसपट तीव्र असतं, घरात आणूच नका. व्हिनेगरऐवजी व्होडका वापरणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं की १ मिली व्होडका म्हणजे साधारण ८ मिली व्हिनेगर. मापात चूक झाली तर ती आठपट होते.

जाता जाता: कुंभार्ली घाटातून खाली कोकणात उतरून समुद्राचं पाणी आणायचा विचार पावसाळ्यात करू नका, खाडीजवळ ते फार पातळ असतं. आणि घरच्या इन्व्हर्टरवर एक पॉइंट फक्त एअर पंपासाठी काढून घ्या, टीव्ही नाही चालला तरी चालेल.

आज रात्री दोन-तीन वेळा उठून टँकवर टॉर्च मारा. पहाटेची वेळ सगळ्यात वाईट, तेव्हा ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. टँग अजून वर आहे की मधल्या पाण्यात उतरला, आणि सॅलिनिटी किती आली, तेवढं कळवा. पुन्हा पाणी बदलायचं की नाही ते त्यावरून सांगतो.