मजकूर आपला, कुलूप कोणाचे? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. २००२ च्या सुमारास आमच्या गावाचा इतिहास लिहून एका डीटीपी केंद्रात टंकलिखित करून घेतला. आता दुसरी आवृत्ती काढायची आहे. पण फाइल उघडली की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. ते सॉफ्टवेअर ज्या डाँगलवर (संगणकाला जोडायच्या परवान्याच्या चावीवर) चालत असे, तो डाँगल आता केंद्रचालकांकडेही नाही. मजकूर परत मिळेल का? आणि तो असा बाहेर काढणे कायद्याने गुन्हा तर ठरणार नाही? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : आपली फाइल बिघडलेली नाही, हे प्रथम सांगतो. त्या काळच्या फॉण्टमध्ये जास्तीत जास्त २५६ चिन्हांना जागा असे, आणि त्यांपैकी कोणत्या जागी कोणते मराठी अक्षर बसवायचे हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवीत असे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे समान मानक जाहीर केले होते आणि त्याच वर्षी युनिकोडच्या (जगभरच्या लिप्यांना समान संकेत देणाऱ्या मानकाच्या) पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतंत्र जागा मिळाली होती. तरीही छपाईच्या व्यवसायातले बहुतेक फॉण्ट पुढे अनेक वर्षे आपापल्या खाजगी संकेतांवरच चालत राहिले. त्यामुळे आपल्या फाइलमध्ये मराठी अक्षरे साठवलेलीच नाहीत. तिथे रोमन अक्षरांचे संकेत आहेत आणि त्यांवर मराठी रूप चढवण्याचे काम तो एक फॉण्ट करीत होता. तो गेल्याबरोबर लेखकालाच स्वतःचे लेखन वाचता येईनासे झाले. हे केवळ आपल्या बाबतीत घडलेले नाही. गावोगावच्या संस्थांचे अहवाल, स्मरणिका आणि नियतकालिकांचे जुने अंक आज याच अवस्थेत पडून आहेत, आणि मराठीच्या या नुकसानीकडे आपण अजून पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही.

उपाय मात्र आहे. जुन्या संकेतांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत; त्यासाठी मूळ फॉण्टचे नाव माहीत असावे लागते. रूपांतरानंतर मुद्रितशोधन डोळ्यांत तेल घालून करावे, कारण चुका ठरावीक जागी होतात. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी दिसते त्याच क्रमाने, म्हणजे अक्षराच्या आधी साठवलेली असे. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचे नेमके उलट आहे : ‘सूर्य’ या शब्दात युनिकोड ‘र’ आधी ठेवते, तर जुन्या फॉण्टमध्ये रफार ‘य’च्या नंतर येत असे. अर्धे अक्षर आणि दंड (उभी रेघ) जोडून पूर्ण अक्षर करण्याची तेव्हाची रीत, तसेच ‘दुसऱ्या’सारख्या शब्दांतला अर्धा र, या दोन जागांकडेही विशेष लक्ष द्यावे. रूपांतर साधलेच नाही, तर पहिल्या आवृत्तीची छापील पाने स्कॅन करून ‘टेसरॅक्ट’ या मुक्त सॉफ्टवेअरने अक्षरओळख करून घेता येते. त्याला मराठी येते.

कायद्याविषयी निश्चिंत राहावे. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार लेखक हाच सामान्यतः आपल्या लेखनाचा पहिला स्वामी असतो. फॉण्ट कोणाचा आणि टंकन कोणी केले यामुळे त्यात बदल होत नाही. फॉण्टच्या सॉफ्टवेअरची नक्कल करून वाटणे हा गुन्हा ठरू शकतो. स्वतःच्या मजकुराचे संकेत बदलणे ही त्याची नक्कल नव्हे. प्रकाशकाशी लेखी करार झाला असल्यास तो एकदा काढून पाहावा. त्यात हक्कांच्या हस्तांतरणाची मुदत लिहिलेली नसेल, तर कायद्याने ती ५ वर्षेच धरली जाते. नवी आवृत्ती युनिकोडमध्ये करून घ्यावी, ओपन डॉक्युमेंट आणि साधा मजकूर अशा दोन्ही स्वरूपांत जपावी आणि ‘मुक्ता’ किंवा ‘लोहित’ असा मुक्त परवान्याचा फॉण्ट वापरावा. हा परवाना फॉण्ट वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा देतो. डीटीपीचे काम देताना केवळ पीडीएफ स्वीकारू नये. दुरुस्त करता येईल अशी मूळ फाइल हा मोबदल्याचाच भाग आहे, असे आधी ठरवून घ्यावे.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे एक सभासद पूर्णतः दृष्टिहीन आहेत. त्यांनी पैसे देऊन घेतलेले मराठी ई-पुस्तक स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणाऱ्या सॉफ्टवेअरला) वाचता येत नाही, कारण त्यावर प्रकाशकाचे डिजिटल कुलूप आहे. आम्ही छापील प्रत स्कॅन करून त्यांना दिली तर ती चोरी होईल का? (ग्रंथालयातील एक कर्मचारी, सोलापूर)

उत्तर : नाही. २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये नेमकी हीच तरतूद आली. अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात प्रत तयार करणे आणि तिच्या खाजगी वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी ती देणे हा प्रताधिकाराचा भंग ठरत नाही. अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थांनाही ही मुभा आहे. त्यांनी नफा घेता कामा नये, फक्त निर्मितीखर्च घ्यावा आणि ती प्रत बाजारात जाणार नाही याची काळजी घ्यावी. दृष्टिहीन वाचकांसाठीचा माराकेश हा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला आणि त्याला सर्वप्रथम अनुसमर्थन देणारा देश भारत होता, याचा मला अभिमान वाटतो. काम हाती घेण्यापूर्वी २०१६ पासून चालू असलेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन संग्रहात ते पुस्तक आहे का, हे पाहावे. असेल तर स्कॅनिंगचे श्रम वाचतील.

कुलपाचा प्रश्न वेगळा आहे. कलम ६५अ डिजिटल कुलूप तोडण्याला २ वर्षांपर्यंत कैद सांगते. पण प्रताधिकार भंग करण्याच्या हेतूने ते तोडले असेल तरच. कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या कामासाठी कुलूप काढण्यास त्याच कलमात सूट आहे, फक्त त्यासाठी दुसऱ्याला मदत करणाऱ्याने मदत घेणाऱ्याची नोंद ठेवावी लागते. आपण छापील प्रतीवरून काम करणार असल्याने तिथवर जाण्याची वेळच येत नाही. मात्र तयार झालेली फाइल त्या सभासदाखेरीज इतरांच्या व्हॉट्सॲप गटात जाऊ देऊ नये. दिवाळी अंकांच्या पीडीएफ शेकडो लोकांना पाठवणारे याच सवलतीचा आधार सांगू लागले, तर लेखकाचे मानधन बुडेल आणि ज्यांच्यासाठी ही सूट आहे त्यांच्याविषयीही संशय निर्माण होईल. आणखी एक सूचना : पान स्कॅन करून केवळ चित्र देऊ नये. ‘एनव्हीडीए’सारखा मोफत आणि मुक्त स्क्रीन रीडर युनिकोड मजकूर वाचू शकतो, वर सांगितलेल्या जुन्या फॉण्टमधली फाइल त्याच्यापुढे ठेवली, तर तो रोमन अक्षरांचा निरर्थक ध्वनी ऐकवील.

प्रश्न : मोबाइलवर मराठी लिहिण्यासाठी घेतलेले कीबोर्ड ॲप माझी संपर्कयादी मागते. परवानगी द्यावी का? (एक गृहिणी, म्हापसा)

उत्तर : देऊ नये. नकार दिल्यावर लिहिणेच बंद होत असेल, तर ते ॲप काढून टाकावे. संपर्कयादीवाचून मराठी उत्तम लिहिता येते. फार तर लिहिताना नावे सुचवली जाणार नाहीत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ यानेही संमती सेवेला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती मर्यादित धरली आहे आणि त्यासाठी दूरवैद्यकीय सेवेच्या ॲपने संपर्कयादी मागितल्याचेच उदाहरण दिले आहे : अशा यादीला वापरकर्त्याने होकार दिला, तरी तो होकार सेवेच्या गरजेपलीकडे लागू होत नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमतीविषयीच्या तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी अमलात यायच्या असल्याने तोवर आपली दक्षता हाच मुख्य आधार आहे.

कीबोर्डच्या बाबतीत ही दक्षता अधिकच हवी, कारण आईला लिहिलेला निरोप आणि बँकेचा पासवर्ड ही दोन्ही त्याच्याच हातून जातात. नवा कीबोर्ड सुरू करताना अँड्रॉइड तशी सूचना दाखवते. ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. आयफोनवर बाहेरच्या कीबोर्डला ‘पूर्ण प्रवेश’ दिला नाही, तर त्याला इंटरनेट वापरता येत नाही. ती परवानगी बंदच ठेवावी. अँड्रॉइडसाठी ‘इंडिक कीबोर्ड’ हा मुक्त सॉफ्टवेअरमधला पर्याय आहे. त्याची संहिता (सोर्स कोड) कोणालाही तपासता येते. संगणकावर तर वेगळे ॲप लागतच नाही : इनस्क्रिप्ट हा सरकारमान्य कळफलक विंडोज आणि लिनक्स या दोन्हींत आधीपासून असतो, आणि सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडली की तो वापरता येतो.