पोरगी मोठ्यानं वाचते तो मेसेज

प्रश्न: घाटंजी तालुक्यात आमचं कृषी केंद्र आहे. बाबांनी ३० वर्षं चालवलं, आता दोन वर्षांपासून मी पाहतो. बाबा उधारीसाठी बाजाराच्या दिवशी एकेकाला भेटून बोलायचे, मी म्हटलं व्हॉट्सअॅपवर एकदाच सगळ्यांना टाकू. सप्टेंबरमध्ये "सर्व थकबाकीदारांना शेवटची सूचना, ३० तारखेच्या आत पूर्ण रक्कम भरा अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल" असा मेसेज १८० जणांना पाठवला. पैसे ११ जणांचे आले अन् तीन जुनी घरं दुसऱ्या दुकानात जायला लागली, त्यातले एक काका तर दुकान उघडलं त्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक. आता काय, पैसे मागायचेच नाहीत का?

उत्तर: भाऊ, मागायचेच. तुमच्या डोक्यावरही कंपनीची बाकी अन् बँकेचं सीसी कर्ज असन, स्वतःचे पैसे मागण्यात काही पाप नाही. पण मले आधी हे सांगा, तो मेसेज त्या काकांच्या घरी वाचला कोणी? खेड्यात बऱ्याच घरी चांगला फोन एकच, अन् तो शाळेतल्या लेकराच्या हातात. रात्री जेवणं चालू असतात, फोन वाजते, बाप म्हणते वाच बरं कोणाचं आहे, अन् सातवीतली पोरगी मोठ्यानं वाचते, थकबाकीदार, शेवटची सूचना, कायदेशीर कारवाई. समोर बायको बसली आहे, म्हातारी माय बसली आहे. त्या माणसानं त्या ताटावर काय केलं असन याचा विचार करा, मग तो दुकान काहून बदलते ते वेगळं सांगायची गरज नाही.

मी २२ वर्षं एका पतसंस्थेत वसुलीच्या टेबलावर होतो. तेव्हा तगादा उघड्या पोस्टकार्डावर जायचा, म्हणजे पोस्टमननं वाचला की पारावरच्या सगळ्यांनी वाचला. एकदा एक कास्तकार ते कार्ड अन् पैसे दोन्ही घेऊन आले, दोन्ही टेबलावर ठेवले, एक शब्द बोलले नाहीत, खातं बंद केलं अन् गेले. बाकी किरकोळ होती. त्या दिवसापासून मी प्रत्येक पत्र पाकिटात घालत गेलो, कार्डापेक्षा पाकिटाला पैसे जास्त लागतात म्हणून वरून बोलणी खाल्ली तरी. आजचं उघडं कार्ड म्हणजे गावाचा ग्रुप, उधारीचं नाव अन् आकडा तिथं कधीच टाकू नका.

दुसरं म्हणजे तारीख. सप्टेंबरात कास्तकाराच्या हातात काय असते हो? पोळा नुकताच झालेला, फवारणीचा खर्च चालूच, सोयाबीन वावरात उभं, पऱ्हाटीला बोंडं हिरवी. ३० सप्टेंबर ही तारीख तुमच्या वहीतली आहे, त्याच्या वावरातली नाही. सोयाबीन दसऱ्याच्या मागंपुढं निघते, कापसाची पहिली वेचणी बहुतेक दिवाळीच्या आसपास, मागणं त्या हिशोबानं मागा. अन् १८० जणांना एक नाही, एकेकाला वेगळं, असं काहीतरी:

"रामराम काका. जूनमध्ये तुम्ही कपाशीच्या बियाण्याची २ पाकिटं (१८०२ रु.) अन् डीएपी खताच्या ३ बॅग (४०५० रु.) नेल्या होत्या, एकूण ५८५२ रु. होतात. सोयाबीन विकलं की अर्धे अन् पहिल्या वेचणीचा चुकारा आला की राहिलेले, असं जमते का? हिशोबात काही फरक वाटला तर सांगा, बिलाची कॉपी माझ्याजवळ आहे. यंदा बोंडं कशी धरली?"

हे पोरीनं वाचलं तर बापाची मान खाली जात नाही. काय नेलं, किती झाले, सगळं चोख आहे, वाद घालायला जागा नाही अन् शेवटी त्याच्या पिकाची विचारपूस आहे. मात्र ती खरी पाहिजे, उत्तर आलं तर तुम्ही परत बोललं पाहिजे. १८० मेसेज लिहायला आठवडा जाईन, जाऊ द्या.

अन् खरी कमाई तर काही मागायचं नसते तेव्हाच्या मेसेजची. जूनमध्ये पहिली सर आली की लोक बियाण्यासाठी धावतात, तेव्हा तुमच्या दुकानातून मेसेज जाऊ द्या की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, दुबार पेरणी आली तर बियाण्याचा खर्च डबल. त्या आठवड्यात गल्ला कमी भरन, पण ज्याची दुबार पेरणी वाचली तो माणूस तुमचं नाव विसरत नाही. ऑगस्टमध्ये फवारणीचं लिहा. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर माणसं गेली, म्हणून हातमोजे, मास्क, वाऱ्याच्या उलट फवारू नका, उपाशीपोटी पंप पाठीवर घेऊ नका, हे दर वर्षी लिहा, लोक म्हणोत तेच तेच काय सांगते म्हणून. बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) कधी लावायचे तेही लिहा, मग ते सापळे तुमच्याकडून घेवोत की दुसरीकडून.

एक टेक्निकल गोष्ट. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जाते ती यादी) २५६ नंबर बसतात पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केला नाही त्याला तो मेसेज जातच नाही. त्यामुळे काही जणांनी दुर्लक्ष केलं असं तुम्हाला वाटत असन, त्यांना मिळालाच नसन. ज्यांचा फोन साधा आहे त्यांना एसएमएस करा, तिथं काना-मात्रा अन् मोकळी जागा धरून मराठीची ७० अक्षरं झाली की दुसरा मेसेज धरला जाते, म्हणून छोटं लिहा.

त्या काकांच्या घरी मात्र मेसेज नको, स्वतः जा. बाबांना सोबत घेऊन जा.

प्रश्न: रोज सकाळी गिऱ्हाइकांना सुप्रभातचे फोटो पाठवले तर ओळख राहते का? – किराणा दुकानदार, दारव्हा

उत्तर: नाही राहत. लोक म्यूट करतात अन् मग ज्या दिवशी तुम्ही खरंच कामाचं लिहिता तेही वाचलं जात नाही.

प्रश्न: आमचा समुद्रपूर तालुक्यात बचत गट आहे, वायगाव हळदीची पावडर नागपूरला पाठवतो. दळणाच्या वेळी लाइन गेली म्हणून २० पाकिटांची ऑर्डर चार दिवस लेट झाली. "तांत्रिक कारणामुळे विलंब, सहकार्य करावे" असं लिहिलं तर तिकडच्या ताई जास्तच चिडल्या.

उत्तर: ताई, "सहकार्य करावे" म्हणजे चूक आपली अन् काम त्यांना सांगितलं, म्हणून त्या चिडल्या. त्यांना आधी काय पाहिजे, तर हळद कधी येते ते. तेच पहिल्या ओळीत लिहा: "ताई, तुमची २० पाकिटं शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोचतात." मग कारण एका ओळीत, जसं घडलं तसं, गावात तीन दिवस लाइन नव्हती अन् चक्की बंद होती. मग माफी, एकदाच. अन् त्यांना शुक्रवार चालत नसन तर पैसे परत देतो हे लिहा, त्या बहुतेक घेणार नाहीत पण लिहा. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची सरकारी ओळख, मिळाला, तिचं नाव लोकांना माहीत आहे, तुमच्या गटाचं नाव मात्र त्या पाकिटासोबत आत्ता कुठं पोचते आहे. शुक्रवार लिहिलं तर शुक्रवारीच पोचवा, खात्री नसन तर शनिवार लिहा.