खुर्चीचा पाय आधी, रेक्झिन मागाहून

प्रश्न : परळ भागातील एका जुन्या एकपडदा चित्रपटगृहाच्या देखभालीची जबाबदारी माझ्याकडे आहे. खुर्च्यांचे रेक्झिन जागोजागी फाटले आहे, अनेक खुर्च्यांची बैठक उठल्यावर आपोआप वर जात नाही, आणि पावसाळ्यात सभागृहात कुबट वास येतो. मालक सर्व खुर्च्यांना नवे रेक्झिन घालून घेण्यास तयार आहेत, त्यापलीकडे नाही. कामाला सुरुवात कोठून करावी?
– एक व्यवस्थापक, परळ

उत्तर : मालकांचा विचार समजण्यासारखा आहे, कारण प्रेक्षकाच्या नजरेस पडते ते रेक्झिनच, परंतु आपण लिहिलेल्या तिन्ही तक्रारींचे मूळ त्याच्या खाली आहे, आणि ते तसेच ठेवून वरचे आवरण बदलले तर थोड्याच काळात शिवणी पुन्हा उसवतील. चित्रपटगृहातील खुर्ची एकटी उभी नसते. शेजारच्या दोन खुर्च्यांना मधला पाय सामाईक असतो, त्यामुळे एका पायाचा बोल्ट ढिला झाला की त्याचा हिसका ओळीतील पुढच्या खुर्च्यांपर्यंत पोहोचतो, आणि प्रत्येक हेलकाव्यासरशी रेक्झिनवर व बिजागरीवर ताण येतो. म्हणून पहिली तपासणी अशी करावी : ओळीच्या टोकाला उभे राहून पाठ धरून पुढे-मागे हलवावी, आणि जो पाय हलेल त्यावर खडूने खूण करावी.

हे बोल्ट बहुधा गंजाने गेलेले आढळतील. मुंबईच्या हवेत खारटपणा आहेच, पण माझ्या मते त्याहून मोठा दोष फरशी पुसण्याच्या पद्धतीचा आहे. बादलीभर फिनेलचे पाणी पायऱ्यांवर ओतले जाते, ते पायाच्या पट्टीखाली शिरते आणि तेथेच राहते. पिळलेल्या फडक्याने पुसण्याची सवय लावल्यास त्याला काहीच खर्च येत नाही. गंजलेला बोल्ट काढल्यावर भोक मोठे झालेले दिसले, तर त्यात लाकडी गुल्ली ठोकून काम भागवू नये. ओलीने ती फुगते, मग कुजते. भोकातील धूळ ब्रशने व हवेच्या झोताने पूर्ण काढून रासायनिक अँकर, म्हणजे बोल्ट काँक्रीटला चिकटवून धरणारा मसाला, भरावा, कारण धूळ राहिली तर तो काँक्रीटला धरत नाही. किंवा पट्टी थोडी सरकवून पक्क्या काँक्रीटमध्ये नवे भोक पाडावे. जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट व वॉशर मुंबईतील नागदेवी स्ट्रीटवर घाऊक मिळतात. पायाची पट्टी घासून रेड ऑक्साईड हा गंजरोधक अस्तर-रंग लावल्यावरच वरचा रंग द्यावा. पाय ओतीव लोखंडाचा असेल आणि त्याला तडा गेला असेल, तर साध्या वेल्डिंगने तो शेजारी पुन्हा फुटण्याचा संभव असतो. तेथे पितळेची झाळ अधिक टिकते. कोणतेही वेल्डिंग मात्र सभागृहाबाहेर, फोम व पडद्यापासून दूर करावे.

आता वर न जाणाऱ्या बैठकीविषयी. ही गैरसोयीची बाब समजली जाते, पण खरे पाहता ती सुरक्षिततेची आहे. बैठक वर गेली की दोन ओळींमधील वाट मोकळी होते, आणि अंधारात, धुरात लोकांना त्याच वाटेने बाहेर पडायचे असते. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ माणसे दगावली. तेथे बाल्कनीत बसवलेल्या वाढीव खुर्च्यांनी उजवीकडची वाट बंद केली होती. त्यामुळे ज्या खुर्च्यांची स्प्रिंग दमली आहे किंवा बुश, म्हणजे बिजागरीची खीळ जिच्यात फिरते ती लहान नळी, झिजला आहे, त्यांचे काम रेक्झिनच्या आधी करावे. स्प्रिंग बदलताना दोन्ही बाजूंची एकदम बदलावी, नाहीतर बैठक तिरपी उठते. काढून टाकलेल्या काही जुन्या, धड खुर्च्या सुट्या भागांसाठी राखून ठेवाव्यात. जुन्या बनावटीचा बुश बाजारात मिळेलच असे नाही. दुरुस्ती होईपर्यंत नादुरुस्त खुर्चीचे तिकीट विकू नये.

कुबट वास फोम व प्लायवूडचा असतो. बैठक उलटी करून तळाचे प्लायवूड नखाने दाबून पाहावे. पापुद्रे सुटत असतील तर ते बदलावे, आणि नवे घेताना आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेले, ओलीला टिकणारे मरीन प्लाय घ्यावे. फोम बोटांनी चुरडल्यावर पिवळसर भुकटी होत असेल, तर त्यावर नवे रेक्झिन ताणणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. नवा फोम ४० घनतेचा, म्हणजे घनमीटरला ४० किलोचा, आणि अग्निरोधक प्रतीचा मागावा. साधा पॉलियुरेथेन फोम जळताना कार्बन मोनॉक्साईड व हायड्रोजन सायनाईड हे विषारी वायू सोडतो, त्यामुळे येथे केलेली काटकसर परवडणारी नाही.

फोम उघडाल तेव्हा शिवणीत व खिळ्यांच्या खाचांत ढेकूणही पाहून घ्यावेत. त्यांच्यावर रॉकेल शिंपडण्याची जुनी रीत बंद सभागृहात केवळ घातक आहे. वाफेच्या यंत्राने खाचा सावकाश भाजून काढाव्यात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तेच करावे, कारण सुटलेली अंडी तोवर फुटलेली असतात.

मालकांना एवढेच सुचवावे की, ठरलेल्या रकमेत सर्व खुर्च्यांवर रेक्झिन चढवण्याऐवजी तेवढ्याच पैशात जितक्या ओळी पायापासून पूर्ण होतील तितक्या कराव्यात. एका वेळी एकच ओळ काढल्यास मॅटिनी चुकवावी लागत नाही.

प्रश्न : बंद पडलेल्या चित्रपटगृहातील तीन जोड-खुर्च्या चोर बाजारातून आणल्या. गिरगावातील आमच्या चाळीतील खोलीत त्या उभ्या राहत नाहीत. फरशीला भोके न पाडता त्या कशा बसवाव्यात?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : या खुर्च्या जमिनीला जखडण्यासाठीच बनवलेल्या असल्याने त्यांना मागचा आधार नसतो. पायांच्या पट्ट्यांहून लांब अशा जाड सागवानी फळ्यांवर त्या बोल्टने बसवाव्यात, आणि फळ्या पाठीच्या दिशेने भरपूर बाहेर काढाव्यात, कारण रेलल्यावर तोल मागे जातो. पायांचा मूळचा कोन उतरत्या जमिनीसाठी असू शकतो. तो पाचर घालून आधी साधून घ्यावा. घरात आणण्यापूर्वी ढेकणांची तपासणी बाहेरच्या गॅलरीत करावी.

प्रश्न : आमच्या सभागृहात पायऱ्यांच्या कडेच्या दिव्यांच्या पट्ट्या सतत बंद पडतात. काय करावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : बहुतेक वेळा दिवा जात नाही, जोड जातो. पायरीच्या कोपऱ्यावर जोड ठेवू नये, तेथे चपला लागतात आणि पोछ्याचे पाणीही जाते. कमी विद्युतदाबाच्या एलईडी पट्ट्या जलरोधक प्रतीच्या घ्याव्यात, मुंबईतील लोहार चाळ या विजेच्या सामानाच्या बाजारात त्या सहज मिळतात. त्यांचा पुरवठा आणीबाणीच्या बॅटरीवर घ्यावा, आणि 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' नुसार जानेवारी व जुलैत अग्निशमन यंत्रणेचे प्रमाणपत्र घेताना मुख्य वीज बंद करून हे दिवे लागतात की नाही, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.