तिची वही आधी परत द्या

सेलूहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी विज्ञान, ७४ टक्के. नीटला ७२० पैकी ३०८. तिला लातूरला पुन्हा एक वर्ष बसवायचं का, हा त्यांचा प्रश्न. मुलीला नाटक शिकायचंय, सिनेमात काम करायचंय आणि पुढे कादंबऱ्या लिहायच्यात. सिनेमाच्या सुरुवातीच्या काळातल्या नट्यांवर तिने अख्खी वही भरली आहे. "ती वही मी कपाटात कुलूपबंद केली आहे, नीटचा निकाल लागला की देईन," असं वडील लिहितात. पुढे म्हणतात, "चांगल्या घरच्या मुली तिकडे जात नव्हत्या. आणि त्या बायांनीसुद्धा नाव झाल्यावरच पुस्तकं लिहिली ना? हिनेही डॉक्टर होऊन लिहावं."

भाऊ, मार्कांचं नंतर बोलू. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त लागलं ते कुलूप. पोरीनं चोरी केली नाही, अभ्यास बुडवला असंही तुम्ही लिहिलेलं नाही. तिने वाचलं आणि लिहून काढलं, एवढंच. ती वही ओलीस ठेवून तुम्ही तिला रसायनशास्त्र शिकवू शकणार नाही. ती पुढची वही लपवून लिहील आणि मग तिच्या मनात काय चाललंय हे तुम्हाला शेवटी कळेल. रिपीटचं वर्ष फळतं ते लेकराला स्वतःला तो अभ्यास हवा असतो आणि थोडक्यात हुकलेलं असतं तेव्हा. ३०८ म्हणजे सरकारी जागेपासून फार लांब, आणि तिला तर तिकडे जायचंच नाही. लातूरची फी, खोली, मेस यांचा खर्च करू नका. माझं मत स्पष्ट आहे: यंदा रिपीट नको.

आता 'चांगल्या घरच्या'. जुन्या काळातल्या नटी लीला चिटणीस बी. ए. झालेल्या होत्या. १९३२च्या 'अयोध्येचा राजा' या सिनेमातल्या तारामती, दुर्गा खोटे, मुंबईच्या सॉलिसिटरच्या घरातल्या. तुमची भीती मात्र खोटी नाही. शांता आपटे यांनी १९४०मध्ये 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिलं, तेव्हा त्या नावाजलेल्या नटी होत्या, आणि त्या धंद्यात माणसांची पिळवणूक कशी होते ते त्यांनी उघड मांडलं. आदल्याच वर्षी त्या प्रभात स्टुडिओच्या दारात उपोषणाला बसल्या होत्या. हे पुस्तक मिळवून बापलेकीने मिळून वाचा. भीती खरी असली तरी तिच्यावरचा उपाय शिक्षण आणि नीट वाचून सही केलेला करार हा आहे.

आता दुसरी गोष्ट. इथे तुमचा आणि मुलीचा, दोघांचाही गैरसमज आहे. नाव झालं की पुस्तक आपोआप येतं, असं तुम्ही धरून चाललात. तुमच्या डोळ्यांसमोर आहेत ती बहुतेक आत्मचरित्रं, कादंबऱ्या नव्हेत. नटी हंसा वाडकरांचं १९७०चं 'सांगत्ये ऐका' तर त्यांनी सांगितलं आणि लेखक अरुण साधूंनी शब्दांत उतरवलं. आत्मचरित्रात घडलेलं आधीच हाताशी असतं. कादंबरीत तुम्हाला ते रचावं लागतं. तिच्या वहीत बहुधा ही नोंद असेल: १९१३, दादासाहेब फाळक्यांचा सिनेमा 'मोहिनी भस्मासुर', आई दुर्गाबाई कामत पार्वतीच्या भूमिकेत, लेक कमळाबाई मोहिनीच्या. ही झाली माहिती. कादंबरी विचारते, चित्रीकरणाच्या सकाळी कुणी कुणाची वेणी घातली? पैशाचं बोलणं कुणी केलं, गप्प कोण बसलं? आणि हे सगळं सांगतंय कोण, आई की लेक? लेक सांगत असेल तर आईच्या मनातलं तिला दिसणार नाही, फक्त आईचे हात दिसतील. हा हात बसायला वर्षं लागतात, म्हणून ते डॉक्टर झाल्यावर किंवा नटी झाल्यावर सुरू करायचं काम नाही. आत्ता करायचं आहे.

तिला सांगा, रोज ३०० शब्द. २०० दिवसांत ६० हजार होतात, कादंबरीचा पहिला खर्डा. नवखी पोरं बहुतेक एकाच जागी अडकतात: नायिकेच्या जन्मापासून सुरुवात, चाळीस पानं घराण्याची हकीकत, आणि कंटाळून वही बंद. एका प्रसंगापासून सुरू कर, मागचं लागेल तेवढंच आण. पहिला खर्डा संपेपर्यंत मागे जाऊन दुरुस्त्या करू नको. दुसऱ्या खर्ड्याला तेवढाच वेळ लागतो, तो धरून चाल.

शिक्षणाचं थोडक्यात: छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, पुण्याला ललित कला केंद्र. पदवी आणि नाटकांचा अनुभव झाल्यावर दिल्लीची राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची परीक्षा. दरम्यान विद्यापीठाचा युवक महोत्सव आणि राज्य नाट्य स्पर्धा सोडायची नाही. तीन महिन्यांत 'हिरोईन' करणाऱ्या क्लासला पैसे भरू नका. ऑडिशनसाठी पैसे मागणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा.

पुस्तकाचंही तसंच. छापायला लेखकाकडून पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नये. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिथे हस्तलिखित पाठवता येतं. प्रकाशकाबरोबरच्या करारात हक्क किती वर्षांसाठी दिला ते लिहून घ्यायचं. लिहिलं नाही तर कायदा तो पाच वर्षांचा धरतो. सिनेमा करण्याचा हक्क वेगळा असतो, तो त्याच कागदात सहज देऊन टाकायचा नाही.

विद्यापीठात प्रवेशाच्या तारखांची चौकशी या आठवड्यात करा. आणि कपाट आज संध्याकाळीच उघडा. वही देताना तिच्यासमोर चाळत बसू नका, तिने आपणहून दाखवली तर वाचा.